कोथरूडचा फ्लॅट तीन महिन्यांत विकायचा आहे; कर्ज बाकी, सहमालक भाऊ कॅनडात. क्रम काय ठेवावा?

उंबरठा | ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. माहिती थोडक्यात देतो.

कोथरूड, पुणे. टू बीएचके, ६४० चौ. फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट आहे, स्टिल्टमध्ये एक पार्किंग. २००९-१० मध्ये थेट बिल्डरकडून घेतला, मुद्रांक-नोंदणी धरून २८ लाख. करारात दोन नावं, माझं आणि थोरल्या भावाचं, हिस्सा निम्मा-निम्मा. भाऊ बरीच वर्षं कॅनडात आहे. मूळ कर्ज आणि नंतरचा टॉप-अप मिळून आज २२ लाख बाकी, दोघेही कर्जदार. सोसायटी नोंदणीकृत आहे, शेअर सर्टिफिकेट आहे, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे होणं) झालेला नाही. एजंट ८५ लाखांच्या आसपास सांगतात. जानेवारीअखेर व्यवहार पुरा करून ताबा द्यायचा आहे.

विचारायचं हे:
१. भाव फार न पाडता लवकर विकायला काय करावं?
२. कर्ज आधी फेडावं का? तेवढी रोकड हाताशी नाही.
३. भावाला यावंच लागेल का? आणि त्याच्या हिश्श्यावर टीडीएस वेगळा कापतात म्हणे, तो किती?

---

दस्त_नोंदणी

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच बहुतेक लोक महिना-दीड महिना घालवतात. जाहिरात आधी आणि कागद मागून, असं करू नका. गिऱ्हाईक आठवड्यात मिळतं, मग त्याच्या बँकेचा वकील एक कागद मागतो, तो शोधण्यात तीन आठवडे जातात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे इसार देऊन मोकळं होतं. त्या वकिलासमोर जी फाइल जाणार आहे ती आजच लावा:

- बिल्डरबरोबरचा नोंदणीकृत करारनामा, नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा). मूळ बँकेत असणार. तुमच्याकडच्या झेरॉक्समध्ये सगळी पानं आहेत का, ते मोजून बघा. शेवटची नकाशाची पानं आणि परिशिष्टं हमखास गायब असतात.
- महापालिकेचं भोगवटापत्र. पूर्ण इमारतीचं आहे की काही मजल्यांचंच, ते वाचा.
- ७/१२ किंवा प्रॉपर्टी कार्डाचा ताजा उतारा, बिल्डरचं विकसन करारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र, जुना टायटल रिपोर्ट. सोसायटीच्या दप्तरात हा संच बहुधा असतो.
- शेअर सर्टिफिकेट. दोन्ही नावं करारातल्यासारखीच आहेत का? भावाच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं आणि करारात तिसरं असेल, तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा.
- मिळकतकराची चालू वर्षाची पावती, वीजबिल, सोसायटीचा ना-देय दाखला.

कन्व्हेयन्स नसल्याने विक्री अडत नाही. फक्त जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असल्यामुळे काही बँकांचे वकील जास्त कागद मागतात. बाल्कनी आत घेतली असेल किंवा भिंत काढली असेल तर मंजूर नकाशाशी तफावत दिसते आणि बँकेचा व्हॅल्युअर तेवढं क्षेत्र किमतीत धरत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून टाकावं.

किमतीबद्दल. पोर्टलवरच्या जाहिरातींतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये कोथरूड, वर्ष आणि तुमचा सर्व्हे नंबर टाका. इंडेक्स टूमध्ये ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन ओळी दिसतील. तुमच्या आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांतले गेल्या वर्षभरातले दस्त काढा, मोबदल्याला कार्पेटने भागा. क्षेत्र चौ. मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणून चौ. फूट करा. निघालेल्या दरापेक्षा फार तर दोन-तीन टक्के वर सांगा. दहा टक्के वर सांगून महिन्या-महिन्याला उतरवत नेलं की एजंटांच्या नजरेत तो फ्लॅट ‘पडून राहिलेला’ होतो आणि मग योग्य भावालाही कोणी फिरकत नाही.

गिऱ्हाईक पारखताना एक हिशेब मनात ठेवा. ८५ लाखांवर पुण्यात मुद्रांक ७ टक्के, म्हणजे ५,९५,०००, नोंदणी फी ३०,०००. दस्त फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सूट, म्हणजे ८५,००० वाचतात. बँक ८० टक्के, म्हणजे ६८ लाखांपर्यंत देईल आणि मुद्रांकासाठी देणार नाही. म्हणजे गिऱ्हाइकाकडे स्वतःचे १७ लाख अधिक सव्वासहा लाख, साधारण सव्वातेवीस लाख तयार हवेत. पहिल्या बैठकीत विनासंकोच विचारा: स्वतःचे किती, कर्जाची पूर्वमंजुरी आहे का, आणि ‘आमचा जुना फ्लॅट विकला की देतो’ असा तर मामला नाही ना? तसा असेल तर जानेवारी विसरा. पाच लाख जास्त देणाऱ्या अशा गिऱ्हाइकापेक्षा मंजुरीपत्र हातात असलेलं गिऱ्हाईक तुमच्यासाठी बरं.

थोडी रक्कम रोखीत घ्या असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यापुढे रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला.

---

कर्जखाते

कर्ज आधी फेडायची गरज नाही, पण खरेदीदाराला पहिल्याच दिवशी सांगा. २२ लाख बाकी हा दोष मुळीच नाही. लपवलेले २२ लाख हा दोष आहे.

खरेदीदारही कर्ज घेणारा धरला तर क्रम असा लागतो:

तुमच्या बँकेकडे लेखी अर्ज देऊन दोन कागद मागा, फोरक्लोजर लेटर (खातं बंद करायला किती भरायचं ते सांगणारं पत्र) आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी (शाखेत तिला एलओडी म्हणतात). कर्जदार दोघे आहेत, त्यामुळे अर्जावर भावाचीही सही लागते. स्कॅन चालेल की मूळ सही, ते शाखेत आधीच विचारून घ्या. यादी यायला आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून ती गिऱ्हाईक मिळायच्या आधीच मागवून ठेवावी. फोरक्लोजर लेटर मात्र मुदतीचं असतं, ते वितरणाच्या तोंडावर ताजं घ्या.

खरेदीदाराचं कर्ज मंजूर झालं, करारनामा नोंदला गेला, की त्याची बँक दोन हप्त्यांत रक्कम सोडते. पहिला चेक किंवा डीडी थेट तुमच्या बँकेच्या नावे, ‘अमुक कर्जखाते’ असं लिहून. तुमची बँक खातं बंद करते, मूळ कागद देते, ते खरेदीदाराच्या बँकेत जमा होतात आणि मग उरलेली रक्कम तुम्हा दोघांच्या खात्यांत. खरेदीदाराने तुमच्याच बँकेतून कर्ज घेतलं तर कागद बाहेर निघतच नाहीत आणि दोन-तीन आठवडे वाचतात. दोन गिऱ्हाइकं सारखीच असतील तर हा मुद्दा जरूर बघा.

आता नेमकं कुठे अडतं ते. २२ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी रोजचं व्याज साधारण ५१२ रुपये. फोरक्लोजर लेटरवर तारीख असते आणि खाली ‘त्यापुढे प्रतिदिन इतके’ अशी ओळ. डीडी त्या तारखेच्या रकमेचा काढला आणि सहा दिवस उशिरा पोचला तर ३,०७४ रुपये कमी पडतात, आणि तेवढ्यासाठी खातं उघडं राहतं. डीडी पोचेल त्या अंदाजी तारखेपेक्षा चार दिवस पुढची रक्कम लावा, किंवा फरक भरायला कर्जखात्यात आधीच पाच हजार ठेवा. टॉप-अपचा खाते क्रमांक वेगळा असतो. एकच खातं बंद करून ‘झालं’ असं समजू नका, दोन्हींची लेटर घ्या. आणि ईएमआयचा आपोआप कापला जाणारा हप्ता बंद करायचा अर्ज त्याच दिवशी द्या.

चल व्याजदराचं वैयक्तिक गृहकर्ज असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं हा १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तुम्हाला ३० दिवसही परवडणारे नाहीत. कागद शहराबाहेरच्या मध्यवर्ती साठ्यात असतात, म्हणून डीडी जायच्या आधीच शाखेकडून ते मागवण्याची विनंती नोंदवून घ्या. शेवटी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, आणि सरसाईवरचा (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा निघाला का तेही तपासा. तो राहिला तर खरेदीदाराच्या बँकेला तिच्या शोधात जुनं कर्ज जिवंत दिसतं.

---

करदीप

तिसरा प्रश्न. एकच फ्लॅट, दोन मालक, पण कराचे नियम दोघांना वेगळे. आकडे मांडतो, प्रत्येकाचा हिस्सा ४२.५ लाख, खरेदी १४ लाख.

तुम्ही निवासी: खरेदीदार १ टक्का, ४२,५०० कापणार. तुमचा हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी मर्यादा पूर्ण व्यवहाराची बघतात, त्यामुळे सुटका नाही. ते २६क्यूबी फॉर्मने भरलं जातं. खरेदीदार नवरा-बायको दोघं असतील तर तुमच्यासाठी दोन फॉर्म, प्रत्येकाचा वेगळा.

भाऊ अनिवासी: त्याला आयकर कायद्याचं कलम १९५. इथे ५० लाखांची मर्यादा नाही आणि २६क्यूबीही चालत नाही. दर १२.५ टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे १३ टक्के, आणि व्यवहारात खरेदीदार तो पूर्ण ४२.५ लाखांवरच कापतो: ५,५२,५००. त्यासाठी खरेदीदाराला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरणा आणि तिमाहीचं २७क्यू विवरणपत्र. (मार्चमधल्या कपातीला भरण्याची मुदत ३० एप्रिल, पण तुमचं तोवर उरकलेलं असावं.) खरेदीदार १ टक्का कापून मोकळा झाला तर उरलेल्या कराची वसुली, व्याजासकट, त्याच्याकडून होते. म्हणून सावध गिऱ्हाईक अनिवासी नाव ऐकून बिचकतं. त्याला टॅन-२७क्यूचं काम आमचा सीए करून देईल, खर्च आमचा, असं सांगा. काही हजारांत गिऱ्हाईक टिकतं.

प्रत्यक्ष कर किती? भावाचा नफा २८.५ लाख, १३ टक्क्यांनी ३,७०,५००. तुम्हाला मात्र दोन पर्याय आहेत, कारण घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं आहे आणि तुम्ही निवासी आहात. महागाईचा निर्देशांक खरेदीला लावून १४ लाख × ३७६ ÷ १४८ = ३५,५६,७५७; नफा उरतो ६,९३,२४३; २० टक्के आणि उपकर मिळून साधारण १,४४,२००. निर्देशांक न लावता भावाइतकेच ३,७०,५००. अर्थात पहिला घ्यायचा. भावाला तो पर्याय नाही.

भावाचे १,८२,००० जास्त कापले जातात. ते टाळायला कलम १९७ खाली कमी कपातीचं प्रमाणपत्र मिळतं, सगळे तेच सुचवतील. पण तारखा बघा. अर्जात खरेदीदाराचा टॅन लागतो, म्हणजे अर्ज सौदा ठरल्यावरच. पुढे महिना-दीड महिना. प्रमाणपत्र मागच्या तारखेने लागू होत नाही, त्यामुळे तोवर भावाच्या हिश्श्याचं एकही देणं करता येत नाही. आणि कर्ज फेडायला जाणाऱ्या २२ लाखांतले निम्मे म्हणजे भावालाच दिल्यासारखे, त्यावरही कपात आली. जानेवारीअखेर हे सगळं बसवणं मला धोक्याचं वाटतं. पूर्ण १३ टक्के कापू द्या आणि भावाने जुलै २०२६ मध्ये विवरणपत्र भरून परतावा घ्यावा. भारतात दुसरं घर किंवा ५४ईसीचे रोखे घेऊन तो सगळाच नफा करमुक्त करणार असेल, तरच प्रमाणपत्रासाठी थांबण्यात अर्थ आहे.

भावाचं पॅन चालू आहे का ते आजच बघा. आधार जोडलेलं नाही आणि पोर्टलवर ‘अनिवासी’ अशी नोंदही नाही, असं असेल तर पॅन निष्क्रिय दिसतं आणि कपात थेट २० टक्क्यांवर जाते. त्याचे पैसे त्याच्या एनआरओ (अनिवासीचं भारतातलं) खात्यातच घ्यायचे, तुमच्या बचत खात्यात नाही. कॅनडात पाठवताना १५सीए-१५सीबी (परदेशी पैसे पाठवण्याचे आयकराचे फॉर्म) लागेल. वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, तुम्ही त्याच्या आसपासही नाही.

---

उंबरठा

मनापासून आभार, एवढं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. दोन शंका. भावाने हिस्सा आधी माझ्या नावावर करून दिला तर टीडीएसची भानगडच उरत नाही ना? आणि सोसायटीचे सचिव ‘एनओसीसाठी विकास निधी दीड लाख’ म्हणत आहेत. तो द्यावाच लागतो का?

---

करदीप

करू नका. भावाने तुमच्या नावे बक्षीसपत्र करायचं तर ३ टक्के मुद्रांक आणि वर शहरातले अधिभार, शिवाय बँकेची परवानगी. फ्लॅट विकत घेतलेला आहे, वारशाचा नाही, म्हणून हक्कसोडीचा नाममात्र मुद्रांकही इथे चालणार नाही. आणि विक्रीच्या तोंडावर केलेलं असं बक्षीसपत्र कर अधिकाऱ्याच्या डोळ्यांवर येतं.

---

सोसायटी_दप्तर

दीड लाख नाही. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,०००. २००१ च्या शासन परिपत्रकापासून ही मर्यादा आहे. वर हस्तांतरण फी ५०० आणि नव्या सभासदाची प्रवेश फी १००. विकास निधी, देणगी, ऐच्छिक वर्गणी, नाव काहीही दिलं तरी त्यासाठी हस्तांतरण अडवता येत नाही.

पण सचिवांशी वादात पडू नका, तुम्हाला वेळ नाही. उपविधीप्रमाणे हस्तांतरणाच्या इराद्याची १५ दिवसांची नोटीस, सोबत खरेदीदाराचं संमतीपत्र, असं लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आदर्श उपविधीत विक्रीला सोसायटीची एनओसी लागत नाही. ती खरेदीदाराच्या बँकेला लागते, तीही बँकेच्या ठरावीक नमुन्यात. तो नमुना बँकेकडून आणून सचिवांच्या हातात द्या. सोसायटीने आपल्या मनाने लिहून दिलेली एनओसी बँक परत पाठवते आणि कमिटीची पुढची सभा महिन्याने असते. सभेची तारीख आजच विचारून ठेवा.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, सोसायटीच्या रजिस्टरात तुमच्या बँकेच्या बोजाची नोंद असेल. कर्ज फिटल्याचा दाखला देऊन ती काढून घ्या, नाहीतर शेअर सर्टिफिकेटवर नवं नाव चढताना अडेल. दोन, पार्किंग. ते करारात लिहिलंय की सोसायटीच्या वाटपपत्रात? वाटपपत्र असेल तर त्याची प्रत जोडा आणि दस्तात ‘सोसायटीने वापरासाठी दिलेलं’ असंच लिहा. ‘मालकीचं पार्किंग’ असं लिहून पुढे भांडण ओढवून घेऊ नका.

---

दस्त_नोंदणी

भावाच्या येण्याबद्दल राहिलं होतं. दस्तासाठी आठवडाभर येऊ शकत असेल तर तेच सगळ्यात सुटसुटीत. नाहीतर तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र: टोरांटो किंवा व्हँकुव्हरच्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही-शिक्का, इथे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घेणं. सख्ख्या भावाला विनामोबदला दिलेलं असल्याने मुद्रांक नाममात्र. मजकुरात नुसतं ‘व्यवहार पाहण्यासाठी’ चालत नाही. फ्लॅटचं पूर्ण वर्णन, विक्री करण्याचा, दस्तावर सही करून कबुली देण्याचा, कर्ज बंद करून मूळ कागद घेण्याचा, ताबा देण्याचा अधिकार, असं वेगवेगळं लिहा. मसुदा दूतावासात पाठवण्याआधी खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलाला दाखवता आला तर फारच छान. गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायला वेळ नसेल तर निदान तुमच्या वकिलाकडून घ्या. दस्ताच्या दिवशी भाऊ हयात आहे आणि कुलमुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही, असं घोषणापत्र दुय्यम निबंधक मागतात.

इसारपावती साध्या कागदावर नको, मुद्रांकावर करा. त्यात या तारखा आणि गोष्टी हव्यात: कर्जमंजुरी कधीपर्यंत, करारनामा कधी, शेवटचा पैसा कधी, भाऊ अनिवासी आहे आणि कपात १३ टक्के, बँकेचे २२ लाख कुठून फिटणार, आणि मंजुरी आली नाही तर इसारातलं किती परत. खरेदीदाराचा वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देईल, हरकतींना बहुधा ७ ते १५ दिवस. ती इसाराच्या दुसऱ्याच दिवशी द्यायला लावा, म्हणजे कर्जमंजुरी आणि नोटीस एकाच वेळी चालतात.

तुमच्या बाबतीत आधी करारनामा नोंदवा, कारण खरेदीदाराच्या बँकेला वितरणाआधी नोंदलेला दस्त लागतो. पूर्ण मुद्रांक त्यावरच भरला जातो. नंतरच्या खरेदीखताला तो पुन्हा पूर्ण लागत नाही. करारनाम्यात ताबा देऊ नका. ताबा शेवटची रक्कम खात्यात दिसल्यावर खरेदीखताबरोबर. मोबदला ठरवताना वार्षिक बाजारमूल्य दराने किंमत काय येते तेही काढून बघा; मोबदला त्याहून कमी असेल तर मुद्रांक जास्त रकमेवर लागतो, आणि फरक १० टक्क्यांच्या पलीकडे गेला तर तुमचा नफाही त्या जास्त किमतीवर मोजतात.

निबंधक कार्यालयात जाण्याआधी डेटा एंट्रीचा छापील गोषवारा एकदा बोट ठेवून वाचा: सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, मजला, चौ. मीटर, विकणाऱ्या-घेणाऱ्या सगळ्यांची नावं. इंडेक्स टू त्यातूनच छापला जातो, आणि तिथे फ्लॅट १२ चा २१ झाला तर चूक-दुरुस्ती पत्राला पुन्हा सगळ्यांनी हजर राहायचं. दोन साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह. आई-वडिलांच्या वयाचं कोणी सही करणार असेल तर सकाळची वेळ घ्या, झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही आणि रांग वाढली की कर्मचाऱ्यांनाही धीर राहत नाही.

ताब्याच्या दिवशी वीज मीटरचा आणि पाइप गॅसच्या मीटरचा फोटो तारखेसह, किल्ल्यांची संख्या लिहून ताबापावती, दोघांच्या सह्या. महावितरणचं नाव बदलायला खरेदीदाराला इंडेक्स टू लागेल, त्याची प्रत त्याच दिवशी द्या. तुमची वीजजोडणीची अनामत तुम्ही परत घेणार की त्याच्या नावे वर्ग करणार, हे ताबापावतीत लिहा. इसारपावतीत ते कोणी लिहीत नाही.